सनद घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस

नाशिकला एलएलबीचं शेवटचं वर्ष चालू आहे, निकाल लागला की एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) इंग्लंड आणि मग तिथेच वकिली, हा तुझा बेत. मी याच वाटेने आले, म्हणून मला कोणी न सांगितलेली गोष्ट आधी सांगते. एलएलएम केलं म्हणून इथे वकील होता येत नाही. सॉलिसिटर, म्हणजे इथला वकील, व्हायला एसक्यूई ही दोन टप्प्यांची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात ३६० बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्यात पक्षकाराची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा. फीच पाच हजार पौंडांच्या आसपास, क्लास वेगळा.

खरी अडचण पुढे आहे. सनद, म्हणजे भारतातला वकिलीचा परवाना, नसेल तर वर दोन वर्षांचा कामाचा अनुभवही दाखवावा लागतो. शिक्षणानंतर मिळणारा व्हिसा मात्र १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच आहे. माझं जमलं ते दोन वर्षं मिळाली म्हणून. तुझं हे गणित बसत नाही. भारतात सनद घेतलेल्या वकिलाला ही अनुभवाची अट नाही, आणि दोनेक वर्षं प्रॅक्टिस केली असेल तर दुसऱ्या टप्प्यातून सूटही मागता येते. ती सरसकट मिळत नाही, प्रत्येकाचा अनुभव तपासतात.

कामाचं म्हणशील तर कॉलेजात केशवानंद भारती या राज्यघटनेवरच्या गाजलेल्या खटल्यावर मूट कोर्ट (लुटुपुटूच्या खटल्याची स्पर्धा) गाजवलेली मी इथे दिवसभर घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद तपासते. कोर्टात अजून उभी राहिले नाही. याचं पहिलं वर्षभर फार वाईट वाटायचं.

एलएलबीच्या शेवटच्या वर्षी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात एका सिनियरकडे बसायचे. निफाड-दिंडोरीचे द्राक्षबागायतदार यायचे, व्यापाऱ्याचे न वटलेले चेक घेऊन. चेक न वटल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर महिन्याच्या आत फिर्याद. तारीख चुकली तर त्या माणसाच्या वर्षभराच्या कष्टाचे पैसे अडकले. मला ते कारकुनी काम वाटायचं, मन सगळं मूट कोर्टात. इथल्या पहिल्या मुलाखतीत मात्र मूटच्या ट्रॉफीबद्दल कोणी विचारलं नाही, अर्धा तास त्या नोटिसांवरच बोलणं झालं.

म्हणून निकाल लागला की आधी सनद, मग एआयबीई ही वकिलांची अखिल भारतीय परीक्षा, आणि दोन वर्षं नाशिकच्या कोर्टात. पैशांची ओढाताण होईल. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तेव्हा आधीच स्पष्ट विचार. नोटीस, फिर्याद तुझ्याकडून लिहून घेईल असाच सिनियर बघ. कोणत्या केसमध्ये तू स्वतः काय केलंस, याची वही पहिल्या दिवसापासून ठेव. सूट मागताना ती लागेल.