३८बी२०एल म्हणजे ३८ एएच नव्हे

गाडीची जुनी बॅटरी ३८बी२०एल, दुकानदार देतोय ४२बी२०एल आणि दोन्हींवर ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे विजेचा साठा) छापलंय. तुम्ही गोंधळलात ते साहजिक आहे. बिनधास्त घ्या, बसेल.

३८बी२०एल हा जपानी मानकाचा कोड. पहिला आकडा एएच नसून कामगिरीचा दर्जा असतो, म्हणजे थंडीत स्टार्टर फिरवायची ताकद आणि साठा यांचा मिळून काढलेला अंक. म्हणून सारख्या एएचच्या दोन बॅटऱ्यांवर ३८ आणि ४२ असू शकतं. हा आकडा वर गेला तर चालतो, खाली नेऊ नका.

पुढचं मात्र जसंच्या तसं हवं. 'बी' हा रुंदी-उंचीचा गट, रुंदी साधारण १२९ मिमी. 'डी' घ्याल तर रुंदी १७३ होते आणि बॅटरी ठेवायच्या ट्रेमध्ये बसतच नाही. २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये अंदाजे लांबी. प्रत्यक्षात १९७ मिमी. बी२४ तेवढीच रुंद पण २३८ लांब, त्यामुळे ट्रे टेपने मोजल्याशिवाय 'मोठी टाकू' म्हणू नका.

सगळ्यात जास्त घोळ शेवटच्या अक्षराचा. टर्मिनल आपल्याकडे येतील अशी बॅटरी ठेवा: 'एल'मध्ये प्लस उजवीकडे, 'आर'मध्ये डावीकडे. हो, उलटं वाटतं; मायनस डावीकडे तर एल, असं लक्षात ठेवा. एलच्या जागी आर आणली की केबल पोचत नाही, मग ओढून ताणून लावतात आणि प्लसचा क्लँप (केबलच्या टोकाची पकड) बॉनेटला किंवा बॅटरी आवळणाऱ्या पट्टीला घासतो. केबल पोचली म्हणून उलटी जोडलीत, तर मेन फ्यूज आणि अल्टरनेटरचे (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) डायोड गेलेच म्हणून समजा.

बी गटात शेवटी 'एस' असेल (उदा. ५५बी२४एलएस) तर टर्मिनल जाड: प्लसचा व्यास साधारण १९.५ मिमी, बारीक टर्मिनलचा १४.७. बारीक टर्मिनलवर जाड क्लँप बसवायला काही मेकॅनिक पत्रा कोंबतात. तो सैल होतो, गरम होतो, आणि मग सकाळी नुसतं 'टिक' वाजतं; दोष मात्र बॅटरीच्या माथी.

डीआयएन४४ (डीआयएन हे जर्मन मानक) लिहिलेल्या बॅटरीत हिशेब वेगळा, तिथे ४४ म्हणजे खरंच एएच. तिची रुंदी १७५, आणि ती खालच्या कडेला धरून बसवतात. जपानी आकाराची बॅटरी वरून पट्टी आणि दोन रॉडने आवळतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसवली तर पकड राहत नाही, आणि हादऱ्यांनी प्लेटांचा माल गळून तळाशी साचतो.

गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू होणं) असेल तर कोड एम-४२ यासारखा दिसेल. एम म्हणजे बी२०चाच खोका, पण आतली बांधणी वेगळी. तिथे साधी ३८बी२०एल बसते खरी, फक्त लवकर मरते.