सफ्रजेट की सफ्रजिस्ट?

प्रश्न : ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लढ्याबद्दल मराठीत लिहिताना सगळ्याच कार्यकर्त्या स्त्रियांना ‘सफ्रजेट’ म्हणावे का? की ‘मताधिकारवादी’ पुरे?

सरसकट ‘सफ्रजेट’ नको. जुना आणि व्यापक शब्द सफ्रजिस्ट. मिलिसेंट फॉसेट यांची १८९७ सालची राष्ट्रीय संघटना सफ्रजिस्टांची. अर्ज, सभा, खासदारांच्या भेटीगाठी हा तिचा मार्ग. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टरला वेगळी संघटना काढली. पुढे तिच्या सदस्यांनी खिडक्या फोडल्या, टपालपेट्या पेटवल्या, तुरुंगात उपोषणे केली. १९०६ मध्ये ‘डेली मेल’ने त्यांना हिणवण्यासाठी ‘सफ्रजेट’ हे नाव दिले. ‘एट’ हा प्रत्यय लहानपणा दाखवतो. सिगारवरून सिगारेट झाली तसाच. या बायकांनी ते नाव बेधडक उचलले आणि १९१२ मध्ये आपल्या मुखपत्रालाच दिले. म्हणजे फॉसेटबाईंना सफ्रजेट म्हणणे ही बारीकसारीक चूक नाही, ज्यांचा मार्ग त्यांनी नाकारला त्यांच्याच पंक्तीत त्यांना बसवणे आहे. न्यूझीलंडमधल्या याच लढ्याच्या नेत्या केट शेपर्ड यांना तर हा शब्द लागूच नाही. तिथे स्त्रियांना मत मिळाले १८९३ मध्ये, शब्द जन्मण्याच्या तेरा वर्षे आधी.

सफ्रजिस्टसाठी नुसते ‘मताधिकारवादी’ अपुरे पडते. १८३८ पासून मताधिकार मागणारे चार्टिस्ट, म्हणजे ब्रिटनमधल्या कामगारांच्या सनदी चळवळीतले लोकही त्यात बसतील, आणि त्यांची सनद फक्त पुरुषांच्या मतासाठी होती. ‘स्त्री-मताधिकारवादी’ लिहिले तर दुसरी पंचाईत : कार्यकर्ती स्त्री आहे, की मागणी स्त्रियांसाठी आहे? म्हणून ‘स्त्रियांच्या मताधिकाराच्या पुरस्कर्त्या’ हे लांबलचक असले तरी बिनचूक. पुरुष असेल तर ‘पुरस्कर्ते’. सफ्रजेट मात्र तसाच ठेवावा, भाषांतर करू नये. त्यातला टोमणा मराठीत उतरत नाही.

भारतीय नावांनाही हीच कसोटी. सोफिया दुलीप सिंग पँकहर्स्ट यांच्या संघटनेत होत्या, त्या सफ्रजेट. १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदीय समितीपुढे भारतीय स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडणाऱ्या मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या पुरस्कर्त्या.

‘१९१८ मध्ये ब्रिटिश स्त्रियांना मताधिकार मिळाला’ हे वाक्यही अर्धेच आहे. तो तिशी ओलांडलेल्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांपुरता होता. पुरुषांच्या बरोबरीने, एकविसाव्या वर्षी, तो १९२८ मध्ये मिळाला. मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्री म्हणून असलेली आडकाठी काढली, पण मालमत्तेची अट इथेही राहिलीच.

उरला एक अडचणीचा गृहस्थ. फ्रेडरिक पेथिक-लॉरेन्स याच लढ्यात १९१२ मध्ये तुरुंगात गेले, उपोषणाला बसले आणि त्यांना बळजबरीने अन्न भरवले गेले. १९४६ मध्ये कॅबिनेट मिशन घेऊन भारतात आले ते हेच. सफ्रजेट हा स्त्रीलिंगी शब्द, तो त्यांना लावता येत नाही. ‘सफ्रजेट चळवळीतले कार्यकर्ते’ असे लिहावे.