बाळाचे वजन आणि जेवणानंतरची साखर

गरोदरपणात मधुमेह असताना सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर जास्त आल्याने तुम्ही घाबरला आहात, हे स्वाभाविक आहे. परंतु त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जवळजवळ जात नाही, त्यामुळे वाढलेली साखर हाताळण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते आणि त्यातून विशेषतः पोट व खांद्यांभोवती चरबी साठते. जन्मानंतर नाळ कापताच साखरेचा पुरवठा थांबतो, पण ते इन्शुलिन काही काळ टिकते आणि बाळाची साखर खाली जाऊ शकते. म्हणूनच अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत वारंवार तपासतात.

सामान्यतः आईची उपाशीपोटी ९५, जेवणानंतर एका तासाने १४० आणि दोन तासांनी १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी साखर अपेक्षित असते. मी सुरुवातीला केवळ उपाशीपोटीचा आकडा पाहून निश्चिंत राहत असे, ही माझी चूक होती, कारण जेवणानंतरच्या चढाचाही बाळाच्या वजनाशी जवळचा संबंध असतो. सहाव्या महिन्यानंतर वारेतील संप्रेरकांमुळे इन्शुलिनची गरज वाढते; तेव्हा मात्रा वाढवावी लागली, तर ते अपयश समजू नका.

उलट, भीतीपोटी जेवण तोडणेही योग्य नाही, कारण साखर फार खाली ठेवल्यास बाळाची वाढ खुंटू शकते. साखरेची नोंदवही प्रत्येक भेटीला सोबत न्या आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदला.