विझार्डला मराठीत काय म्हणावं?

एक वाचक जिम बुचर यांची 2008ची ‘वेलकम टू द जंगल’ ही चित्रकादंबरी आपल्या भाचीसाठी मराठीत उतरवत आहेत. नायक हॅरी ड्रेस्डेन हा शिकागोतला विझार्ड आणि खासगी डिटेक्टिव्ह. लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात रखवालदाराचा खून होतो, आळ गोरिलावर येतो आणि पोलीस ड्रेस्डेनला बोलावतात. या वाचकांचा प्रश्न असा : ‘जादूगार गुप्तहेर’ लिहिलं की भाचीला टोपीतून ससा काढणारा माणूस दिसतो, मग लिहू काय?

भाचीला दिसतं ते बरोबरच आहे. जादूगार म्हटलं की आपल्याला रंगमंच आठवतो, जादूगार रघुवीर आठवतात. शब्दाचं कूळ खरं तर फार जुनं. फारसीतला ‘जादू’ आणि ऋग्वेदातल्या ‘यातुधाना’मधला ‘यातु’ ही एकाच घरातली भावंडं. मानववंशशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘यातुविद्या’ अजून भेटते. पण रोजच्या बोलण्यात जादू तिकिटाच्या खेळाला जाऊन बसली, आणि अनुवाद रोजच्या बोलण्यातच करायचा आहे.

ड्रेस्डेनची फोनबुकातली जाहिरात आठवा. हरवलेल्या वस्तू शोधून देऊ, सल्ला देऊ, दर वाजवी. प्रेमाचे काढे मिळणार नाहीत, पार्ट्या आणि करमणुकीचे कार्यक्रम घेत नाही. पार्ट्यांना नकार देऊन त्याने जादूगार हा शब्द स्वतःच खोडला आहे. प्रेमाच्या काढ्याला नकार देऊन, आपल्या लोकलच्या डब्यात वशीकरणाची पत्रकं चिकटवणाऱ्या बाबांपासूनही तो वेगळा झाला आहे.

गारुडी म्हटलं की टोपली आणि साप आलेच. कामाच्या बाबतीत देवरुषी बराच जवळचा : जनावर हरवलं, घरात कुणी सारखं आजारी पडलं की ‘हे कुणी केलं’ ते विचारायला लोक त्याच्याकडे जातात. पण देवरुष्याच्या अंगात देव येतो. ड्रेस्डेनच्या अंगात कुणी येत नाही. त्याची तळघरात प्रयोगशाळा आहे आणि विद्या त्याने शिकून मिळवलेली आहे.

म्हणून माझं मत ‘मांत्रिक’ला. ड्रेस्डेन शब्द उच्चारतो आणि ज्वाळा उठतात. मंत्राने काम करणारा तो मांत्रिक, इतका नेमका अर्थ दुसऱ्या कुठल्या शब्दात नाही. यावर हरकत येणार हे मला ठाऊक आहे. आपल्या बातम्यांत मांत्रिक बहुतेक वेळा आरोपी म्हणूनच येतो. लोकांची फसवणूक आणि छळ होत होता म्हणूनच 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि तो हवाच होता. पण हा संशय कथेच्या कामाचा आहे. ड्रेस्डेनकडेही लोक भोंदू म्हणूनच बघतात. खुद्द ‘विझार्ड’ शब्दातही थोडा हिणकसपणा आहे : ‘वाइज’ म्हणजे शहाणा, आणि त्याला जोडलेला ‘आर्ड’ हा ‘ड्रंकर्ड’, ‘कॉवर्ड’मधला. ‘मोठा शहाणा लागून गेलाय’ म्हणताना आपला सूर असतो, तशीच काहीशी ही घडण.

ड्रेस्डेनच्या कथांची मालिका आहे, तिच्यात पुढे ‘वॉरलॉक’ही भेटतो, त्याला वेगळा शब्द राखून ठेवा. विझार्डांच्या परिषदेचे सात नियम आहेत. पहिलाच नियम, जादूने माणूस मारायचा नाही. हे नियम मोडणारा तो वॉरलॉक. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच वचन मोडणारा असा होता. त्याला ‘चेटक्या’ म्हणा. चेटूक कुणी कुणाच्या भल्यासाठी करत नाही, त्यामुळे भाचीला फरक सांगत बसावं लागणार नाही.

राहिला गुप्तहेर. दारावर नावाची पाटी आणि फोनबुकात जाहिरात असलेला माणूस गुप्त कसला? शिवाय हेर म्हटलं की शत्रूच्या गोटात शिरलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘तपासनीस’ चांगला शब्द आहे, मात्र पोलीस अधिकारी मर्फीच्या तोंडी तो जड वाटेल. मुखपृष्ठावर ‘मांत्रिक तपासनीस’ छापा, आणि आत संवादाच्या फुग्यांत नुसतं ‘डिटेक्टिव्ह’ राहू द्या. भाचीच्या कानाला तो मराठीच आहे.