वाचकांचे प्रश्न: शनिवारची गोळी, मंगळवारची उदासी

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, म्हापशाला कॉलेजात. सीझनमध्ये शनिवार-रविवार हणजूणला शॅकवर (किनाऱ्यावरच्या खानावळीत) काम करतो. सोमवारी दिवसभर झोपतो, मंगळवार-बुधवारी घुम्यासारखा बसतो. गाल आतून चावलेला असतो. खिशात झिपच्या पुडीत रंगीत गोळीचा तुकडा सापडला. पोलिसांच्या भीतीने कुणाकडे बोलले नाही. (एक आई, डिचोली)

उत्तर: ताई, ही लक्षणं बहुधा एमडीएमएची, म्हणजे एक्स्टसीची. गोळी अर्ध्या ते एक तासाने चढते, तीन ते सहा तास टिकते. जबडा आवळतो, म्हणून गाल चावला जातो. मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मूड सांभाळणारं रसायन, एका रात्रीत उधळलं जातं आणि भरून यायला दिवस लागतात. मंगळवारची उदासी तिथली. तिला आळस समजून ओरडलात, तर तो शनिवारकडेच डोळे लावून बसेल.

सोमवारी विषय काढू नका. गुरुवारी, तो ताळ्यावर असताना, बोला. "कुणी दिली?" हे नंतर. आधी "आणखी काय घेतोस?" हे विचारा, कारण उपाय त्यावर ठरतो. एमडीएमए एकदम सोडता येते. पण रोज दारू किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी चालू असेल, तर घरी अचानक बंद करू नका, आकडी येऊ शकते. तिथे डॉक्टरच मात्रा उतरवत नेतात.

लघवी तपासायच्या किटवर विसंबू नका. एमडीएमए दोन-तीन दिवसच दिसते, आणि काही किट तर ती तपासतच नाहीत.

कामाची वेळही बघा. पहाटे शॅक बंद होतो तेव्हा डिचोलीला बस नसते. मग जो घोळका गाडीत घेतो, त्याच्यासोबत पोर जातं. दिवसाची पाळी मागून घ्या, नाहीतर काही शनिवार घरातल्या कुणीतरी आणायला जा.

कायद्याचं: एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४अ व्यसनी माणसासाठीच आहे. अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले, तर ती काढून घेता येते. एमडीएमएचं अल्प प्रमाण मात्र अर्धा ग्रॅम, आणि वजन भेसळीसकट अख्ख्या गोळीचं धरतात. मित्रांसाठी ठेवलेल्या तीन-चार गोळ्या सहज त्यापुढे जातात. मग शिक्षा १० वर्षांपर्यंत. हे त्याला स्पष्ट सांगा.

बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, दाखवा. आधी फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी १४४१६.

प्रश्न: पार्टीत मित्र कोसळला तर काय करावं? (विद्यार्थी, फोंडा)

उत्तर: आधी १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. अंग तापलेलं आणि बडबड असंबद्ध असेल, तर गर्दीतून बाहेर काढा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने मान आणि काखा पुसत राहा. बाटल्यांवर बाटल्या पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम उतरून आकडी येते. घोरल्यासारखा श्वास किंवा निळे ओठ म्हणजे श्वास मंदावतोय. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. श्वास थांबलाच, तर १०८ वर सांगतील तसं छाती दाबायला लागा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, ती श्वासनलिकेत जाते. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा, आणि उरलेली गोळी असेल तर तीही दाखवा.