नातू वेल्श कार्टून बघतो, बघू द्यावं का?

प्रश्न : मुलगा-सून ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात, कार्डिफला असतात. चार वर्षांचा नातू वेल्श माध्यमाच्या शाळेत जातो आणि घरी आल्यावर वेल्श कार्टून लावून बसतो. तिथे इंग्रजी तर सगळ्यांनाच येतं, मग ही वेल्श भाषेतली वाहिनी चालते कुणासाठी? आणि या नादात त्याचं मराठी मागे पडणार नाही ना?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, खुशाल बघू द्या. मी वेल्समधल्याच कारमार्थनला अकरा वर्षं राहिले, माझी मुलगी हीच कार्टून बघत वाढली. नातू बघतो तो बहुतेक ‘क्यू’ असणार. क्यू म्हणजे कोंबडीचं पिल्लू. एस फोर सी या वेल्श वाहिनीवर लहान मुलांचे कार्यक्रम याच नावाने लागतात. आग विझवणाऱ्या बंबवाल्याचं कार्टून ‘फायरमन सॅम’ तिकडे ‘सॅम टान’ होतो. टान म्हणजे आग.

ही वाहिनी कुणी आपणहून दिलेली नाही. 1979च्या निवडणुकीत वेल्श वाहिनीचं वचन दिलं गेलं आणि सत्तेवर आल्यावर ब्रिटनच्या थॅचर सरकारने ते फिरवलं. लोकांनी टीव्हीची परवाना फी भरायचं नाकारलं, काहीजण तुरुंगात गेले. कारमार्थनचे माजी खासदार ग्विन्व्हॉर एव्हान्स यांनी तर जाहीर केलं, की 6 ऑक्टोबर 1980पासून आमरण उपोषणाला बसणार. वय 68! सप्टेंबरातच सरकार नमलं आणि 1 नोव्हेंबर 1982ला वाहिनी सुरू झाली. आपल्याकडे तेलुगू राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी उपोषणात प्राण दिले, हे आठवून माझ्या अंगावर काटा येतो.

कुणासाठी, म्हणता? 2021च्या जनगणनेत वेल्श येणारे साधारण 5 लाख 38 हजार निघाले, म्हणजे शंभरात अठरासुद्धा नाहीत. पण त्यांना रोजचं जगणं आपल्या भाषेत हवं असतं. हवामान, रग्बी, शेतीवाडी, आणि ‘पोबोल अ कुम’सारखी मालिका, ‘खोऱ्यातली माणसं’, 1974पासून चाललेली. भाषा नुसती सणासुदीला बाहेर काढली की ती कपाटातल्या पैठणीसारखी होते. अंगावर रोजची साडीच लागते.

आमच्या घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात सकाळपासून ‘रेडिओ कुम्री’ हे वेल्श रेडिओ केंद्र लागलेलं असे. त्यावर ‘टालुर्न’ नावाचा कार्यक्रम आहे, कवींच्या संघांची स्पर्धा. टालुर्न म्हणजे कोंबड्यांच्या झुंजीचं रिंगण. परीक्षक दहापैकी गुण सांगायला लागले की बाईंचा बटाटे सोलणारा हात थांबायचा. गुण पटले नाहीत तर त्या सुरी टेबलावर आपटायच्या. तेव्हा मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी कान देऊन बसायचे. टीव्हीवर इंग्रजी उपशीर्षकं तरी असायची. तुमच्या सूनबाईंना सांगा, ती लावून मुलाशेजारी बसा.

आता मराठीचं. ते वेल्शमुळे मागे पडत नाही. घरात आई-बाबा आपसात इंग्रजी बोलायला लागले की मात्र पडतं. आमच्या घरी हेच झालं होतं, म्हणून कळकळीने सांगते. मुलीला सहाव्या वर्षी ‘वाटी’ शब्द आठवेना, तेव्हा आम्ही जागे झालो. तुम्ही रविवारी व्हिडिओ कॉल करत असालच. त्याला विचारा, ‘आज सॅमने कुणाची आग विझवली रे?’ आणि त्याला सगळी गोष्ट मराठीत सांगू द्या. मध्ये वेल्श शब्द आला तर टोकू नका, त्याचा अर्थ विचारा. तुम्हाला शिकवायला त्याला फार आवडेल.