खरेदी शाखेत नवीन आलायस? मग हे वाच
भाऊ, जळगाव झेडपीत खरेदीचं टेबल मिळालं म्हणून एवढं टेन्शन घेऊ नको. पहिले उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या जीआरची नियमपुस्तिका वाच, आणि नंतर निघालेली शुद्धिपत्रकं पण सोबत ठेव, कारण किती रकमेपर्यंत कोणत्या पद्धतीने खरेदी करायची याच्या मर्यादा बदलत राहतात अन् जुना आकडा नोटशीटवर गेला की ऑडिटवाला बरोबर तिथंच बोट ठेवतो. जेम पोर्टल (केंद्राची सरकारी खरेदीची साइट), महाटेंडर (राज्याची ई-टेंडरची साइट) हे तर हाताने करूनच येतं, कोर्स आयगॉट कर्मयोगी या केंद्राच्या ऑनलाइन ट्रेनिंग साइटवर फुकट आहेत, यशदाचं (पुण्याची सरकारी प्रशिक्षण संस्था) ट्रेनिंग निघालं तर साहेबांच्या मागे लागून नाव घाल. मागणीचे तुकडे पाडून मर्यादेखाली आणायचं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हण, तुझ्या सहीवर येतं ते.

पण खरं काम वर्क ऑर्डरनंतर सुरू होतं, हे कोणी शिकवतच नाही. टेंडर काढलं की सगळे मोकळे! पुरवठ्याची मुदत, पुरवठादाराने दिलेली बँक गॅरंटी कधी संपते, दंडाचं कलम काय, याची एक साधी एक्सेल शीट ठेव, आणि उशीर झाला की फोनवर भागवू नको, लेखी पत्र काढ. मुदतवाढ द्यायची तर मुदत संपायच्या आत. स्पेसिफिकेशन लिहिताना चोपडा-यावलच्या झेडपी शाळेत माल खरंच वापरणार कोण, त्याला विचार, पुरवठादाराच्या कॅटलॉगमधून उतरवू नको.